हातचा एक



बेरीज शिकविताना गुरुजी मुलांना एक ताकीद हमखास देतात : हातचा विसरू नका. नऊ आणि चार तेरा, तेराचे तीन, हातचा एक. हा हातचा एक कागदावर नसतो, मनात असतो. आणि जे नुसते मनात असते ते हरवण्याचा संभव असतो, म्हणून ही ताकीद. आज मला आपल्याशी ह्याच हातच्या एकाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. मात्र तो हरविणारा कोणी शाळकरी मुलगा नाही. कधीही थकत नाही आणि काहीही विसरत नाही अशी ज्याची ख्याती आहे, त्या संगणकाकडूनच तो हरवतो.

संगणकाला बेरीज येत नाही असे कोणीच म्हणणार नाही. एका सेकंदात तो कोट्यवधी बेरजा करतो आणि त्यांपैकी एकही चुकत नाही. तरीसुद्धा सगळ्यांत सोपी बेरीज, म्हणजे असलेल्या आकड्यात एक मिळविणे, हीच त्याच्या हातून बिघडू शकते. ह्याचे कारण गणितात नाही. ते गर्दीत आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. इंदूरच्या राजवाड्यासमोर एखादे प्रदर्शन भरले आहे असे समजा. प्रवेशद्वारे दोन आहेत आणि प्रत्येक द्वारावर एक स्वयंसेवक उभा आहे. किती लोक आत गेले ह्याचा आकडा लिहिण्यासाठी मध्यभागी एकच पाटी टांगली आहे. प्रेक्षक आत आला की स्वयंसेवकाने पाटी पाहावयाची, आकड्यात एक मिळवावयाचा आणि जुना आकडा पुसून नवा लिहावयाचा. पाटीवर ४७ आहेत. पहिल्या स्वयंसेवकाने ४७ वाचले आणि तो खडू घेण्यासाठी वळला. तेवढ्यात दुसऱ्या द्वारातून एक प्रेक्षक आला. दुसऱ्या स्वयंसेवकाने पाटी पाहिली. तीवर अजून ४७ च होते. पहिल्याने ४८ लिहिले. दुसऱ्यानेही मनात बेरीज केली होती ४८, त्याने तेच लिहिले. माणसे दोन आत गेली; आकडा एकाने वाढला.

ह्यात लबाडी कोणाची? कोणाचीच नाही. बेरीज कोणाची चुकली? कोणाचीच नाही. दोघेही आपापल्या परीने अचूक वागले, आणि दोघांनी मिळून एक माणूस हरविला. ह्या दोषाचा सर्वांत वाईट भाग असा की तो मागे खूण ठेवीत नाही. काच फुटली तर तुकडे पडतात, कागद फाटला तर चिंधी उरते. पण ४९ च्या जागी ४८ लिहिले गेले तर ती पाटी तितकीच नीटनेटकी दिसते. पाहणाऱ्याला संशय यावा असे तेथे काहीही नसते.

संगणकाच्या भाषेत ह्या एका कामाचे तीन तुकडे पडतात : आकडा वाचणे, त्यात एक मिळविणे आणि नवा आकडा लिहिणे. वाचणे आणि लिहिणे ह्यांच्या दरम्यान तो आकडा ‘हातचा’ असतो. म्हणजे दफ्तरातही असतो आणि मागणाऱ्याच्या हातातही असतो. त्या अवधीत दुसरा कोणी मध्ये शिरला की घोटाळा झालाच म्हणून समजा. एकटा कारकून काम करीत असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणूनच कार्यक्रम लिहिणारा तरुण आपल्या टेबलावर एकट्याने त्याची परीक्षा घेतो तेव्हा सारे काही बिनचूक चालते. दोष उघडा पडतो तो खऱ्या गर्दीच्या दिवशी, आणि तेव्हाही तो दिसतोच असे नाही.

आता ही पाटी आपल्या गावात नसून शेकडो मैलांवर आहे असे समजा. आज बहुतेक मोठ्या संस्थांचे आकडे अशाच दूरच्या घरी राहतात. ह्या व्यवस्थेला क्लाउड असे नाव पडले आहे. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे : भक्कम इमारती, त्यांत संगणकांच्या रांगा, अखंड वीज आणि थंडावा. ॲमेझॉन कंपनीने आपली अशी केंद्रे मुंबईत २०१६ साली सुरू केली, गूगलने २०१७ साली. इंदूरमधील दुकानदार आपल्या हातातील फोनवर बोट टेकवतो तेव्हा त्याची नोंद अशाच एखाद्या इमारतीत होण्याचा संभव बराच असतो. इंदूर ते मुंबई हे अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसते जाऊन येण्यासच सेकंदाचा सहा हजारांश भाग लागतो.

हा अवधी आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु गर्दीच्या मानाने तो क्षुल्लक नाही. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या देशात यूपीआयने झालेल्या व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. सरासरी काढली तर सेकंदाला सात हजारांहून अधिक व्यवहार होतात. इतकी गर्दी जर एकाच पाटीपाशी लोटली, तर इंदूरचा निरोप मुंबईला जाऊन परत येईपर्यंत दुसरे चाळीसएक जण त्या पाटीला हात लावून गेलेले असतील. आपल्या हातात आलेला आकडा हाती येईपर्यंतच शिळा झालेला असतो.

ह्यावर उपाय काय? उपाय तीन प्रकारचे आहेत आणि ते समजण्यास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही.

पहिला उपाय कुलपाचा. एका वेळी एकानेच पाटीपाशी जावे. तो परत येईपर्यंत इतरांनी थांबावे. एकेरी लोहमार्गावर पूर्वीपासून हीच युक्ती चालत आली आहे. त्या टापूचे टोकन चालकाच्या हाती आल्याशिवाय गाडी पुढे न्यावयाची नाही. टोकन एक, म्हणून गाडीही एकच. नेदरलंड्सचे संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा ह्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत संगणकासाठी अशी व्यवस्था रचली तेव्हा तिला नावही रेल्वेच्या सिग्नलावरून दिले : सेमाफोर. हा उपाय पक्का आहे, पण त्यात एक अडचण आहे. किल्ली घेऊन आत गेलेला आतच मूर्च्छित पडला तर बाहेरच्यांनी किती वेळ ताटकळत राहावयाचे? दूरच्या मार्गावर, जेथे निरोप वाटेतच नाहीसे होतात, तेथे ही अडचण नित्याची असते.

दुसरा उपाय अटीचा. दफ्तराला सांगावयाचे, ‘मी पाहिले तेव्हा ४७ होते, अजूनही ४७ च असतील तर ४८ लिहा, नसतील तर मला परत पाठवा.’ ह्यात कुलूप नाही, कोणी अडकत नाही आणि नोंद हरवत नाही. गर्दी बेताची असेल तर हा मार्ग उत्तम. परंतु गर्दी फार झाली की बहुतेकांना परत जावे लागते, ते पुन्हा येतात, पुन्हा परत जातात. आणि कामापेक्षा हेलपाटेच अधिक होतात.

तिसरा उपाय सर्वांत सरळ आहे. आकडा मागवूच नये, आज्ञा पाठवावी. ‘किती आहेत ते सांगा, म्हणजे मी नवा आकडा कळवितो’ असे न म्हणता, ‘जितके असतील त्यांत एक मिळवा’ एवढेच सांगावे. मग वाचणे, मिळविणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे दफ्तराच्या घरीच, एका दमात होतात. बाहेर कोणाच्याही हाती हातचा राहत नाही. ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी हा डेटाबेस २०१२ साली लोकांना खुला झाला. त्यात ही आज्ञा आहे. गूगलच्या फायरस्टोअरमध्ये ती २०१९ साली आली. पूर्वीपासूनच्या डेटाबेसांतही ‘आकडा बरोबर आकडा अधिक एक’ असे एका वाक्यात सांगण्याची सोय होतीच.

अशा कामाला ॲटॉमिक म्हणतात. ह्या शब्दाचा अणुबाँबशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ज्याचे तुकडे होत नाहीत ते’ असा आहे. आपल्याकडे कणादाच्या दर्शनात परमाणूची कल्पना आहे, तिचाही आशय हाच. काम झाले तर पूर्ण झाले, नाही तर मुळीच झाले नाही. अर्धवट अशी अवस्था कोणाच्या दृष्टीस पडावयाचीच नाही. डायनॅमोडीबीत प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात. त्यांपैकी एक प्रमुख असते. सर्व लेखन तिच्याकडे येते, क्रम ती लावते, आणि तिघींपैकी दोघींनी टिपून घेतल्यावाचून ‘झाले’ असे उत्तर जात नाही. म्हणजे यंत्रातही शेवटी रांग आहेच. फक्त ती दाराबाहेर न लागता दाराच्या आत लागते आणि भराभर सरकते.

येथे प्रश्न संपला असे वाटण्याचा संभव आहे. पण तो संपत नाही. रांग कितीही भराभर सरकली तरी तिलाही मर्यादा असते. डायनॅमोडीबीच्या एका विभागात सेकंदाला सुमारे एक हजार लेखने होऊ शकतात. फायरस्टोअरमध्ये एकाच नोंदीवर सतत लिहावयाचे झाल्यास सेकंदाला एक एवढाच वेग धरून चालावे, असा सल्ला पुष्कळ काळ दिला जात असे. १४ जुलै २०२४ ची गोष्ट आपणांस आठवत असेल. त्या दिवशी इंदूरने चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपे लावून गिनेस बुकात आपले नाव नोंदविले. अकरा लाखांना चोवीस तासांतील सेकंदांनी भागले तर सेकंदाला तेराच्या आसपास रोपे येतात. प्रत्येक खड्ड्यापाशी एकाने फोनवर बोट टेकवून एकाच आकड्यात एक मिळवावयाचा असे ठरविले असते, तर सेकंदाला एक ह्या वेगाने चालणारी पाटी पहिल्या तासातच मागे पडली असती.

मग काय करावे? पाट्या वाढवाव्यात. एका आकड्याऐवजी दहा, वीस, शंभर आकडे ठेवावेत. ज्याला जो सापडेल त्यात त्याने एक मिळवावा. आणि एकंदर संख्या हवी असेल तेव्हा सर्वांची बेरीज करावी. संगणकाच्या क्षेत्रात ही युक्ती नवी म्हणून सांगितली जाते. आपण मात्र ती निवडणुकीत प्रत्यक्ष पाहिलेली आहे. १३ मे २०२४ रोजी इंदूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि ४ जून रोजी मोजणी झाली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा, ह्या पर्यायाला २,१८,६७४ मते पडली. तोवरचा देशातील उच्चांक २०१९ साली बिहारमधील गोपालगंजचा होता. तो ५१,६६० होता. ह्या निकालाच्या राजकीय अर्थाशी आज आपणांस कर्तव्य नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, हे दोन लाखांवर आकडे कोणत्याही एका यंत्रात एकामागून एक पडलेले नाहीत. मतदारसंघभर पसरलेल्या केंद्रांवरील निरनिराळ्या यंत्रांनी आपापला लहानसा आकडा सांभाळला, आणि शेवटी त्यांची बेरीज झाली. कोणाला कोणाची वाट पाहावी लागली नाही. एवढेच की मतदान चालू असताना एकंदर आकडा कोणालाही सांगता आला नसता. पाट्या वाटल्या की गर्दी हटते. त्याच्या मोबदल्यात क्षणाक्षणाची बेरीज सोडून द्यावी लागते.

मतदानयंत्र आपणांस आणखी एक धडा देते. मतदारापुढच्या यंत्राचे बटण केव्हाही दाबून चालत नाही. अधिकारी आपल्याकडील कंट्रोल युनिटवरील ‘बॅलट’चे बटण दाबतो तेव्हा एका मतापुरती परवानगी मिळते. मतदाराने बटण दाबले की मत नोंदले जाते आणि परवानगी संपते. नंतर त्याने दहा वेळा दाबले तरी आकडा हलत नाही. हे वाटते तितके साधे नाही. दूरच्या डेटाबेसाला आपण ‘एक मिळवा’ असे सांगितले, त्याने मिळविलाही, पण ‘झाले’ हे त्याचे उत्तर वाटेत हरवले, तर पाठविणाऱ्याने काय समजावे? काम झाले नाही असे समजून तो पुन्हा आज्ञा पाठवितो, आणि एका माणसाचे दोन होतात. पहिल्या प्रकारात एक हरवत होता. येथे एक आगंतुक येतो. आज्ञा कितीही अखंड असली तरी ती दोनदा गेली तर दोनदा पाळली जाणार. डायनॅमोडीबीची मार्गदर्शिका स्वतःच बजावते की, थोडे कमी-अधिक झालेले चालणार नसेल तेथे नुसत्या अशा आकड्यावर विसंबू नये.

ह्या रोगाचे औषध आपल्या सराफ्यातील पेढ्यांना संगणकाच्या फार पूर्वीपासून ठाऊक होते. जुन्या पेढीवर दोन वह्या असत : रोजकीर्द आणि खतावणी. घडलेला प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत तारखेवार उतरवावयाचा आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाचा. खात्यावरच्या शिलकेविषयी शंका आली की कीर्द उघडावयाची. डेटाबेसातही तसेच करावयाचे. प्रत्येक घटनेला स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा, आणि आज्ञा अशी पाठवावयाची : ‘ह्या क्रमांकाची पावती आधी नोंदलेली नसेल, तरच ती नोंदवा आणि एक मिळवा, ही दोन्ही कामे मिळून एकच समजा.’ मग तीच आज्ञा दहा वेळा गेली तरी दुसऱ्या वेळेपासून ती नाकारली जाते. डायनॅमोडीबीत २०१८ पासून अशी जोडकामे एकत्र करता येतात. त्यांना खर्च अधिक पडतो, हे खरे. निवडणुकीतही हीच दुहेरी व्यवस्था आहे : यंत्रात आकडा वाढतो आणि नमुना १७-ए ह्या नोंदवहीत मतदाराची सही होते. दिवसाच्या शेवटी यंत्रातील एकूण मते नमुना १७-सी वर लिहून उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. सह्या आणि मते ह्यांची तोंडमिळवणी करता येते, म्हणून त्या आकड्याला वजन आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सर्वच आकड्यांसाठी तो करावा असे माझे म्हणणे नाही. एखादे गाणे किती जणांनी ऐकले ह्यात शंभर-दोनशेंची चूक झाली तर जगाचे काही बिघडत नाही. तेथे स्वस्त आणि वेगवान मार्गच योग्य. परंतु काही आकड्यांच्या शेवटच्या एकावर कोणाचे तरी सर्वस्व अवलंबून असते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रुग्णांचे नातेवाईक मोकळ्या खाटांचे आकडे फोनवर पाहून एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे धावत होते, हे कोण विसरेल? ते आकडे चुकण्याची कारणे अनेक होती; पण खाट एक आणि ती पाहणारे दोन हा प्रकार आपण ज्या दोषाचा विचार करीत आहोत त्याचेच उलटे रूप आहे. तेथे एक मिळवावयाचा नसतो, वजा करावयाचा असतो. दोघांनीही ‘एक शिल्लक’ असे वाचले आणि दोघांनाही ‘या’ म्हणून सांगितले, तर त्यांपैकी एकाला दारातून परतावे लागणार. अशा ठिकाणी आज्ञा अशीच हवी : ‘शून्याहून अधिक असेल तरच एक वजा करा, आणि झाले की नाही ते सांगा.’ रक्तपेढीतील पिशव्या, वसतिगृहातील जागा, शिधावाटपाचे धान्य, ह्या सर्वांना हाच नियम लागू आहे.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर आज मोठमोठ्या संगणक कंपन्यांची आवारे आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली तेथे किंवा पुण्या-बंगळूरला हेच काम करीत आहेत. त्यांना हे शास्त्र आपण शिकवावे असे नाही. परंतु संस्थेचे चिटणीस, कार्यालयाचे प्रमुख, रुग्णालयाचे व्यवस्थापक ह्या नात्याने अशी व्यवस्था विकत घेणारे आणि स्वीकारणारे आपणच असतो. तेव्हा तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे. एकाच क्षणी दोघे आले तर काय होते? उत्तर वाटेत हरवले आणि आज्ञा पुन्हा गेली तर काय होते? आणि आकड्याविषयी शंका आली तर उघडून पाहावयास कीर्द कोठे आहे? ज्याने काम विचारपूर्वक केले आहे तो ह्या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देईल. जो ‘असे सहसा होत नाही’ म्हणून वेळ मारून नेईल, त्याला नम्रपणे सांगावे की, त्या ‘सहसा’बाहेरचा जो एक आहे, त्याच्यासाठीच आम्ही हे विचारीत आहोत.

पडद्यावरचा आकडा वाढताना पाहून आपणांस संतोष होतो. त्या वाढणाऱ्या प्रत्येक एकामागे कोणीतरी येऊन गेलेले असते : कोणी मत दिलेले असते, कोणी रक्त दिलेले असते, कोणी आपल्या माणसासाठी खाट मागितलेली असते. त्याचे येणे नोंदले गेले पाहिजे, आणि एकदाच नोंदले गेले पाहिजे. आकडे सांभाळणाऱ्या यंत्राकडून आपण एवढी अपेक्षा करावी, आणि ते यंत्र उभारणाऱ्यांकडूनही.